सेंट्रल लॉकचा तोच दरवाजा पुन्हा पुन्हा का अडतो?

माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दरवाजाचा लॉक ॲक्चुएटर, म्हणजे दार लॉक-अनलॉक करणारी मोटरची डबी, दोन वर्षांत तीन वेळा बदलावा लागला. पहिल्या दोन वेळा गॅरेजमध्ये, तिसऱ्यांदा मी स्वतः. त्यानंतर तो दरवाजा आजतागायत नीट चालतोय. तिसरा पार्ट आधीच्या दोघांहून वेगळा नव्हता, नंबरही तोच होता. फरक एवढाच की तिसऱ्या वेळी मोटर कशामुळे जाते ते शोधलं आणि मगच नवा पार्ट बसवला.

ज्यांच्या गाडीचा एकच दरवाजा वारंवार त्रास देतो, त्यांच्यासाठी मुख्यतः हे लिहितोय. पहिल्यांदाच अडला असेल तरी तपासायची पद्धत हीच.

आधी आत काय असतं ते डोळ्यांपुढे आणा. दरवाजाच्या मागच्या कडेला लॅच असतो, म्हणजे दार लावल्यावर खांबावरच्या स्ट्रायकरला धरून ठेवणारा खटका. त्याला लागून, किंवा बऱ्याच नव्या गाड्यांत त्याच डब्यात, ॲक्चुएटर असतो. त्यात अंगठ्याएवढी १२ व्होल्टची डीसी मोटर, तिच्या दांड्यावर वर्म गिअर, पुढे एखाद-दुसरं प्लास्टिकचं दातेरी चाक आणि शेवटी लॉकची पट्टी ढकलणारा छोटा हात. मोटरला वायरी दोनच. करंट एका दिशेने दिला की लॉक, उलटा दिला की अनलॉक. हा करंट जेमतेम अर्धा ते एक सेकंद मिळतो आणि तेवढ्या वेळात पट्टी या टोकाची त्या टोकाला जावी लागते. टोकाला पोचली की मोटर अडते, पण करंट संपेपर्यंत चालूच राहतो. म्हणजे दर वेळी शेवटच्या क्षणी ती अडकून थोडी तापते. तब्येतीची मोटर हे वर्षानुवर्षं सोसते. पण पट्टी जड झाली, की मोटर आधीपासूनच कण्हत फिरते आणि जास्त वेळ अडून राहते. मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बन ब्रश झिजतात, ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर काळा पडतो, आणि एक दिवस ती फिरतच नाही.

ॲक्चुएटरच्या कपलरला, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगला, दोनपेक्षा जास्त वायरी दिसल्या तर बाकीच्या स्विचच्या असतात. दार उघडं आहे की बंद, लॉक झालंय की नाही, हे त्या गाडीच्या मॉड्युलला, म्हणजे लॉक सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, सांगतात. मोटर ठणठणीत असून निव्वळ या स्विचमुळे लॉक वेड्यासारखं वागलेलं मी पाहिलंय, म्हणून हे लक्षात ठेवा.

आधी कान लावा

पॅड, म्हणजे दरवाजाचं आतलं आवरण, उघडायच्या आधी शांत जागी गाडी उभी करा, काचा बंद करा, आणि एकाने आतला लॉकचा स्विच दाबत असताना दुसऱ्याने प्रत्येक दरवाजाच्या मागच्या कडेशी कान न्यावा. पाच मिनिटांच्या या कामाने निम्मं निदान होतं.

चारही दरवाजे गप्प असतील तर ॲक्चुएटरचा विचारही करू नका. चार मोटरी एकाच दिवशी जात नाहीत. फ्यूज बघा, बॅटरी बघा, मग रिले किंवा मॉड्युलकडे वळा. आतल्या स्विचने सगळे चालतात आणि रिमोटनेच चालत नाहीत, तर रिमोटचा सेल बदला. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल असतो. चारही लॉक एकदम खटखटखट असे फडफडत असतील तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. गाडी बंद ठेवून काही तासांनी मोजल्यावर पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे असं समजा.

एकच दरवाजा बिघडला असेल तर आवाजातला फरक ओळखा. ठाम 'खट्' ऐवजी मऊ, ओढलेला 'खुट्' आला आणि नॉब अर्ध्यात थांबला, तर एकतर मोटर थकलीय, किंवा लॅच जड झालाय, किंवा करंट पुरेसा पोचत नाही. बारीक 'घर्रर्र' येतो पण नॉब हलतच नाही, तर मोटर फिरतेय पण पुढे जोर जात नाही: दाते गेलेत, किंवा प्लास्टिकचा वर्म चिरून दांड्यावर नुसताच फिरतोय. फक्त 'टिक' येतो, तर मोटर आतून जाम आहे. काहीच आवाज नाही, तर मोटर मेलीय किंवा वायर तुटलीय, आणि या दोन्हींत फरक करायला पुढची टेस्ट लॅम्पची तपासणी लागते.

गोंधळात टाकणारं एक लक्षण आहे. सकाळी लॉक नीट चालतं, दुपारी उन्हात उभ्या गाडीत चालत नाही. किंवा सलग दोन-तीनदा चालतं, मग थांबतं, आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालतं. अनेकांना वाटतं वायर लूज आहे. असूही शकते. पण काही मोटरींच्या आत तापमानाने रोध वाढवणारी पीटीसी नावाची चकती असते. मोटर जास्त तापली की ती करंट आवळते आणि मोटर जळण्यापासून वाचते. जड लॅच ढकलून ढकलून मोटर लवकर तापू लागली की ही चकती पुन्हा पुन्हा मधे येते. माझ्या दरवाजाने तिन्ही वेळा बंद पडण्याआधी काही आठवडे नेमकं हेच दाखवलं होतं आणि मी दुर्लक्ष केलं होतं.

लॉक होतं आणि क्षणात आपोआप उघडतं, किंवा दार बंद असूनही डॅशबोर्डवर 'दार उघडं' असं चिन्ह राहतं, आतला दिवा विझत नाही, तर संशय लॅचमधल्या स्विचवर घ्या. हा दोष लवकर दुरुस्त करा. दिवा रात्रभर जळत राहिला तर सकाळी बॅटरी उतरलेली असते आणि माणूस मूळ दोष सोडून बॅटरीच्या मागे लागतो.

मग हात लावा

ही तपासणी मला सगळ्यांत मोलाची वाटते आणि तिला एकही हत्यार लागत नाही. चारही दरवाजांचे लॉकचे नॉब किंवा आतले लॉकचे खटके बोटाने हळूहळू या टोकाकडून त्या टोकाकडे न्या. डोळे मिटून करा, जास्त कळतं. चांगल्या दरवाजात मधल्या टप्प्यापर्यंत थोडा विरोध जाणवतो आणि तिथून नॉब आपसूक पलीकडे उडी मारतो. बिघडलेल्या दरवाजात ती उडी नसते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत चिकट, दळल्यासारखं काहीतरी बोटाला लागतं.

माझ्या मागच्या डाव्या दरवाजाचा नॉब उजव्या दरवाजापेक्षा निदान दुपटीने जड होता. नवा ॲक्चुएटर बसवलेला असताना जड होता! म्हणजे दोन्ही वेळा नवी मोटर पहिल्याच दिवसापासून जास्तीचं ओझं ओढत होती.

नॉब जड लागला तर दार उघडं ठेवून लॅचच्या तोंडात टॉर्च मारा. वाळलेलं काळं ग्रीस, माती, गंजाची लालसर पूड दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा लॅचसाठी चालेल असा क्लीनर बारीक नळीने मारून खटका स्क्रू ड्रायव्हरने पुढेमागे हलवा, मळ निघेपर्यंत पुसा, वाळू द्या, मग पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं लावा. पाणी हटवणारे नेहमीचे पातळ स्प्रे मारून थांबू नका. त्यांनी दोन दिवस सगळं सुळकन चालतं, पण उरलंसुरलं ग्रीसही धुतलं जातं आणि महिन्याभरात आधीपेक्षा जास्त अडतं. कधी कधी एवढ्या सफाईनेच लॉक मार्गी लागतं आणि पॅड उघडायची वेळच येत नाही.

पॅड काढताना

काच पूर्ण वर करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. बऱ्याच गाड्यांच्या दरवाजात साइड एअरबॅगसाठी प्रेशर सेन्सर असतो, त्यामुळे तार काढल्यावर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलाय तितका वेळ थांबा. त्या सेन्सरला शक्यतो हात लावू नका. त्याचा कपलर सोडावाच लागला, तर तो परत जोडल्याशिवाय बॅटरी जोडून इग्निशन चालू करू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसतो.

आतल्या हँडलच्या खोबणीत एक छोटं झाकण असतं, त्याच्यामागे स्क्रू. हाताने दार ओढायच्या खाचेत आणखी एक-दोन. काही गाड्यांत आरशाच्या मागच्या तिकोनी झाकणाखाली आणि पॅडच्या कडेलाही स्क्रू असतात. सगळे निघाले याची खात्री होईपर्यंत पॅड ओढू नका, कारण विसरलेला एक स्क्रू पॅड फोडायला पुरतो. मग खालच्या कोपऱ्यापासून प्लास्टिकची पट्टी घालून एकेक क्लिप सोडवा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातला तर रंगही जातो आणि क्लिपचं घरही तुटतं. शेवटी पॅड वर उचलून काचेच्या कडेवरून सोडवायचा, आणि एकदम खेचायचा नाही. मागे हँडलची केबल आणि काचेच्या स्विचचा कपलर अजून जोडलेले असतात.

पॅडखाली प्लास्टिकचा पडदा दिसेल, काळ्या डिंकासारख्या चिकट ब्यूटाइलने चिकटवलेला. तो फाडू नका. ब्यूटाइल ताणू लागलं की ब्लेडने पडद्याच्या अगदी जवळून कापत जा. त्या चिकट पट्टीला धूळ लागू दिली नाही तर तीच परत चिकटते. हा पडदा आवाज थांबवण्यासाठी आहे असा एक गैरसमज आहे. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरणारच, तशीच रचना असते. ते खालच्या भोकांतून बाहेर जातं. हा पडदा ते पाणी पॅडकडे आणि गाडीच्या आत येऊ देत नाही.

वायरीत करंट येतोय का?

या तपासणीसाठी बॅटरी परत जोडावी लागेल. मल्टिमीटर चालतो, पण इथे मी टेस्ट लॅम्प वापरायचा आग्रह धरेन, आणि तोही इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक राहिली तरी मल्टिमीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला करंट जवळजवळ लागतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपच्या आसपास ओढतो. त्यामुळे वायरीत दम नसेल तर तो मिणमिणतो आणि खरं सांगतो.

ॲक्चुएटरचा कपलर सोडा. मोटरच्या दोन वायरी बहुतेक वेळा इतरांपेक्षा जाड असतात. तरी गाडीच्या वायरिंगच्या नकाशावरून खात्री करून घ्या, कारण काही लॅचमध्ये डेडलॉकची (आतूनही दार उघडू न देणाऱ्या जादा लॉकची) दुसरी मोटरही असते. त्या दोन पिनांवर बल्ब लावून आतला स्विच दाबा. लॉकला एक लखलखीत चमक आणि अनलॉकलाही तशीच चमक आली, तर वायरिंग शाबूत आहे आणि दोष ॲक्चुएटरमध्ये आहे. चमक मंद आली किंवा एकाच दिशेला आली, तर नवा ॲक्चुएटर विकत घेऊ नका. दोष ॲक्चुएटरपर्यंत करंट पोचवणाऱ्या बाजूला आहे.

तो बहुतेक वेळा दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत सापडतो. दार रोज उघडमीट होतं तेव्हा वायरी त्याच जागी वाकतात. बल्ब लावलेला ठेवून दार हळूहळू उघडमीट करा आणि दुसऱ्याला स्विच दाबायला सांगा. चमक मधेच गेली तर रबर सरकवून आत बघा. बाहेरून वायरीचं आवरण अखंड दिसतं आणि आत तांबं तुटलेलं असतं, म्हणून प्रत्येक वायर दोन बोटांत धरून हळूच ताणायची. तुटलेली वायर रबरासारखी लांबते. जोड देताना पीळ मारून टेप गुंडाळू नका. सोल्डर केलेला जोड नेमका वाकणाऱ्या जागी आला तर तोही तिथेच कडेला तुटतो. नवा लवचिक वायरचा तुकडा घाला, आणि दोन्ही जोड रबरी नळीच्या बाहेर, एक दरवाजाच्या आत आणि एक खांबाच्या आत, येतील इतका लांब ठेवा. वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी.

वायरिंग चांगलं निघालं तर ॲक्चुएटरला थेट करंट देऊन बघता येतं. बॅटरीपासून १० अँपचा फ्यूज मधे घालून दोन वायरी आणा, मोटरच्या पिनांना क्षणभर टेकवा, उलट करून परत टेकवा. एक सेकंदापेक्षा जास्त धरू नका. स्विचच्या पिनांना चुकूनही लावू नका, ते बारीक स्विच क्षणात जळतात.

मोटर बदलायची की अख्खा सेट?

मोटर वेगळी बदलता येते. अनेक ॲक्चुएटरमध्ये एफसी-२८० या मापाची मोटर असते आणि ती सुटी मिळते. डबा स्क्रूने बंद असेल तर काम सोपं. प्लास्टिक वितळवून जोडलेला असेल तर सांध्यावर ब्लेडने हळूहळू कापावं लागतं, आणि नंतर तो पाण्यापासून पुन्हा नीट बंद करावा लागतो. नवी मोटर घेताना दांड्याची लांबी आणि जाडी, दांडा गोल आहे की एका बाजूने सपाट, आणि पीटीसीवाली आहे की नाही, हे जुळवा. जुना वर्म काढताना त्याला पक्कडीने दाबू नका. त्याच्या मागे दोन बाजूंनी पातळ पट्ट्या घालून समान उचला. प्लस-मायनसची खूण जिकडे होती तिकडेच आली पाहिजे, नाहीतर लॉक दाबल्यावर ते एकटं दार अनलॉक होईल. दातेरी चाकांना प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावा. साधं बेअरिंगचं ग्रीस काही प्लास्टिकना फुगवतं.

माझं मत विचाराल तर: डबा स्क्रूचा आहे, दाते शाबूत आहेत, स्विच चांगले आहेत, तर फक्त मोटर बदला. स्विचची तक्रार असेल किंवा लॅचच गंजला असेल तर अख्खा सेट घाला. जुन्या मोटरचे कान उघडून कम्युटेटर घासून परत बसवणं ही निव्वळ मलमपट्टी आहे. मी एकदा ते करून पाहिलं, थोडेच दिवस टिकलं, आणि पुन्हा पॅड उघडावा लागला.

लॅच काढायला दरवाजाच्या कडेचे तीन स्क्रू सोडवायचे असतात. ते फार घट्ट असतात आणि त्यांवर बरेचदा थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावलेलं असतं. बरोबर मापाचा बिट पूर्ण आत बसवून, जोराने दाबून धरून मगच फिरवा. डोकं एकदा गोल झालं की एका तासाचं काम दिवसावर जातं. हँडल आणि नॉब लॅचला जोडणाऱ्या बारीक दांड्या काढण्याआधी फोटो काढा. प्रत्येक दांडी एका छोट्या प्लास्टिकच्या क्लिपने अडकवलेली असते, आधी क्लिप फिरवायची, मग दांडी बाजूला काढायची. पोकळीत हात घालताना जाड हातमोजे घाला. आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

माझ्या दरवाजात काय सापडलं

तिसऱ्या वेळी लॅच बाहेर काढला तर वरच्या बाजूने गंजलेला होता, खालून बराच स्वच्छ. पाणी वरून पडतंय एवढं कळलं, पण कुठून ते कळेना. शेवटी चांगला चालणारा उजवा दरवाजाही उघडला. तिथे लॅचच्या डोक्यावर पातळ काळ्या प्लास्टिकची एक टोपी होती, खालून फोमची कड असलेली, काचेवरून ओघळणारं पाणी बाजूला वळवणारी. डाव्या दरवाजात ती टोपी नव्हतीच. पहिल्या दुरुस्तीत काढली गेली आणि परत बसवायची राहिली. त्याच वेळी फाटलेला पडदा चिकटपट्टीने जोडला होता आणि ती पट्टी केव्हाच सुटून खाली पडली होती. पडून पडून ती दरवाजाच्या तळाशी पाणी निघायच्या भोकावर बसली होती. पोकळीत पानांचा चिखल साचला होता, आणि दरवाजा हलवला की आत पाणी डचमळायचं.

म्हणजे पाणी लॅचवर पडायचं, ग्रीस धुऊन निघायचं, लॅच जड व्हायचा, मोटर तापायची आणि जायची. दोन्ही वेळा नवी मोटर त्याच कोरड्या, गंजक्या लॅचला जोडली गेली. मी ॲक्चुएटरबरोबर लॅचही नवा घातला, टोपी मागवून बसवली, पडदा नवा लावला, तळाची भोकं मऊ तारेने मोकळी केली. तुमच्या दरवाजात टोपी असायला हवी की नाही हे कळायचा सोपा मार्ग हाच: जो दरवाजा कधीच बिघडला नाही, तो उघडून शेजारी ठेवल्यासारखा बघा.

ॲक्चुएटर लवकर जाण्याचं आणखी एक कारण सहसा कुणी तपासत नाही. बाहेरून बसवलेली अलार्मची किट. काहींमध्ये लॉकला किती वेळ करंट द्यायचा हे निवडता येतं: साधारण पाऊण सेकंद, किंवा साडेतीन सेकंद. लांब वेळ हवेच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या लॉकसाठी असतो. चुकून तो निवडला गेला तर मोटर प्रत्येक वेळी टोकाला अडून तीन सेकंद तापत बसते. एकामागून एक दोन-तीन दरवाजांचे ॲक्चुएटर गेले असतील आणि गाडीत बाहेरची किट असेल, तर सुरुवात इथून करा.

दार लावायच्या आधी

हे कृपया टाळू नका. नवा ॲक्चुएटर बसवला, दांड्या जोडल्या, आणि उत्साहात दार लावलं, तर एखादी दांडी चुकीची बसली असल्यास ते दार आतूनही उघडत नाही आणि बाहेरूनही. पॅड परत बसवलेला असेल तर मग फार हाल होतात.

म्हणून दार उघडं असतानाच लॅचच्या तोंडात स्क्रू ड्रायव्हर घालून खटका बंद स्थितीत ढकला. तो दोनदा 'टक्' करेल, पहिला अर्धा, दुसरा पूर्ण. लॅचला आता दार लागलंय असं वाटतं. या स्थितीत स्विचने लॉक करा आणि बाहेरचं हँडल ओढा, खटका सुटता कामा नये. अनलॉक करून बाहेरचं हँडल ओढा, सुटला पाहिजे. पुन्हा दाबून आतलं हँडल तपासा. चावीचं छिद्र असेल तर चावीने दोन्ही दिशा बघा. मागच्या दरवाजाचा चाइल्ड लॉक लावून आणि काढून बघा. दोन तपासण्यांमध्ये थोडं थांबा, नवी मोटर सलग दाबून तापवू नका. सगळं पास झालं की खटका हँडलने सोडवून मगच दार लावा. स्क्रू ड्रायव्हरने दाबलेला खटका तसाच ठेवून दार आपटलं तर लॅच स्ट्रायकरवर आदळतो आणि वाकतो. पहिल्यांदा दार लावताना काच खाली ठेवा आणि पॅड बसवू नका.

दार आधीच बंद अवस्थेत अडकलं असेल तर

हँडल ओढून धरा आणि दुसऱ्याला अनलॉक पुन्हा पुन्हा, मधे काही सेकंद थांबून, दाबायला सांगा. त्याच वेळी आतून पॅडवर लॅचच्या जागी मुठीने ठोका. थकलेली मोटर या धक्क्याने एखादी शेवटची फेरी मारते. गाडी तापलेली असेल तर ती सावलीत गार होऊ द्या आणि मग प्रयत्न करा. आतला नॉब हाताने उचलून बघा, आणि मागचं दार असेल तर चाइल्ड लॉक लागलेला नाही ना हेही बघा, कारण तो लागला असेल तर आतलं हँडल कितीही ओढलं तरी उपयोग नसतो. हे सगळं फसलं तर दार बंद असतानाच पॅड काढावा लागतो: सीट मागे सरकवून, पॅड खालून सोडवून, थोडा वाकवून, आत हात घालून लॉकची दांडी हलवायची. पॅडला थोडी इजा होईल हे धरून चला.

अडकलेल्या दरवाजाच्या बाजूला लहान मूल किंवा वृद्ध माणूस बसवू नका. अपघातात तो दरवाजा उघडला नाही तर बाहेर काढायला वेळ लागतो. दुरुस्तीला वेळ असेल तर निदान त्या दरवाजाचा ॲक्चुएटरचा कपलर सोडून ठेवा आणि नॉब हाताने चालवा. स्वतःहून लॉक होऊन अडकण्याचा धोका त्याने जातो.

सगळं जोडून झाल्यावर बॅटरी लावली की काही गाड्यांत काच एका दाबात वर-खाली होत नाही. काच पूर्ण खाली, मग पूर्ण वर नेऊन स्विच काही सेकंद दाबून धरला की बहुतेक गाड्या ती पुन्हा शिकतात, नेमकी रीत पुस्तिकेत असते. नंतर काच बंद करून तिच्यावर बाटलीभर पाणी ओता आणि दाराखाली बघा. काही क्षणांत तळाच्या भोकांतून पाणी ठिबकायला लागलं पाहिजे. नाही ठिबकलं, तर पॅड परत काढा.